आजोबांच्या ट्रंका युनिव्हर्सिटीला द्यायच्या, तर देण्याआधी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बेळगावच्या शहापुरातलं जुनं घर बिल्डरला दिलंय, पाऊस संपला की पाडायला घेणार, माळ्यावर आजोबांच्या ट्रंका आहेत. आजोबा मराठी शाळेत मास्तर, कविता लिहायचे, गल्लीतल्या पोरांना घेऊन नाटकं बसवायचे, त्यांचे धाकटे भाऊ चित्रकार, त्यांची स्केचबुकं आणि कॅसेटीपण त्याच ढिगात. घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते युनिव्हर्सिटीला देऊन मोकळं व्हा, दुसरी म्हणते स्कॅन करून ड्राईव्हवर चढवा आणि कागद रद्दीवाल्याला द्या. त्यात परत युनिव्हर्सिटी म्हणजे कुठली, बेळगावातली का कोल्हापूरची, हे भांडण वेगळंच. माझी नोकरी युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयातच गेली, त्यातली बरीच वर्षं हस्तलिखितं आणि लेखकांची खाजगी कागदपत्रं बघण्यात, मूळचा मी निपाणीकडचा, त्यामुळं तुमच्या घरात काय चाललं असेल ते चित्र मला स्पष्ट दिसतंय. जरा लांबलचक होईल, सवडीनं वाचा.

पहिली विनंती म्हणजे आवरायला बसू नका. हे ऐकायला विचित्र वाटतंय, कारण घर रिकामं करायचंय आणि मी म्हणतोय की आवरू नका, पण जेवढं नुकसान वाळवी करते तेवढंच घरातली एखादी हुशार, टापटीप आत्या एका दुपारी करते. ती काय करते, सगळी पत्रं एका बाजूला, कविता एका बाजूला, फोटो एका बाजूला, आणि उरलेलं "फालतू" म्हणून बाहेर. आता आजोबांनी एखादं पत्र एका डायरीच्या ठराविक पानात का ठेवलं असेल? बहुतेक त्या पत्रातल्या कशावरून तरी ती कविता सुचली असेल. कवितेवर तारीख नाही पण तिच्याखाली प्रेसचं बिल टाचलंय आणि बिलावर तारीख आहे, ते बिल वेगळं काढलं की कविता कधीची हे कायमचं गेलं. आमच्या धंद्यात याला मूळ क्रम म्हणतात आणि दुसरं तत्त्व असं की एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. तुमच्याकडं दोन भाऊ आहेत, मास्तर आणि चित्रकार, त्यामुळं कुठली ट्रंक कुणाची हे आत्ताच घरातल्या थोरल्यांना विचारून लिहून ठेवा, आणखी दहा वर्षांनी सांगणारं कुणी उरणार नाही.

मग करायचं काय? ट्रंक उघडायच्या आधी माळ्याचा आहे तसा फोटो काढा. प्रत्येक ट्रंकेला नंबर द्या. उघडली की वरून फोटो, एक थर उचलला की परत फोटो. दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा सोडू नका, सोडलाच तर त्याच दोऱ्यानं त्याच क्रमानं बांधा आणि चिठ्ठी घाला, चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहा, बॉलपेन नको, शाई पाण्यानं फुटते नाहीतर कागदाला लागते. फोटोच्या पाठीवर तर पेन लावायचंच नाही, फोटो कागदी पाकिटात घालायचा आणि पाकिटावर लिहायचं. फोटोत कोण कोण आहे ते ओळखणारी माणसं म्हणजे तुमच्या आत्या, काकू, शेजारच्या आज्जी, त्यांना समोर बसवून एकेक फोटो दाखवा आणि मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, लिहीत बसलात तर निम्मं निसटतंय. "हा डावीकडचा कोण की, पण नाटकात राणी व्हायचा बघ" एवढं जरी कुणी बोललं तरी अभ्यास करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

आता फालतू म्हणजे काय त्याबद्दल. घरच्यांना वाटतंय की छापून आलेली कविता आणि नामांकित माणसाची सहीवाली पत्रं तेवढी महत्त्वाची. खरं म्हणजे छापून आलेली कविता छापलेलीच आहे, ती कुठं ना कुठं मिळणार. मिळणार नाही ते म्हणजे खोडाखोड केलेला कच्चा खर्डा, संपादकाचं "साभार परत" वालं कार्ड, नाटकाच्या तालमींची हजेरी, वर्गणीची पावतीपुस्तकं, वाण्याची वही, शाळेशी झालेला पत्रव्यवहार, मोर्चाची हँडबिलं. बेळगावात तर याला जास्तच किंमत आहे. १९४६ चं साहित्य संमेलन इथं झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, हे कुठल्याही पुस्तकात मिळतंय. पण पाहुण्यांना कुणाच्या घरी उतरवलं, जेवणाचा खर्च कुणी उचलला, मांडवाचे पैसे कसे जमले, हे सगळं त्या काळच्या घरांमधल्या वह्यांत असायचं. त्याआधी १९२९ ला शि. म. परांजप्यांच्या अध्यक्षतेखाली आणि नंतर २००० साली य. दि. फडक्यांच्या अध्यक्षतेखाली पण संमेलनं इथंच झाली. २००० च्या संमेलनाचे पास, बॅज, निमंत्रणपत्रिका आत्ता लोक सर्रास फेकतात कारण ते जुनं वाटत नाही. तुमच्या ट्रंकेत असलं काही सापडलं तर टाकू नका एवढंच सांगतो.

पत्रांचं जरा वेगळं आहे. आपल्या भागात पत्रांचं उदाहरण द्यायचं तर जी. ए. कुलकर्णी. जन्म बेळगाव भागातला, नोकरी धारवाडला जे. एस. एस. कॉलेजात, माणसांत फार मिसळायचे नाहीत, पण पत्रं मात्र भरभरून लिहायचे, आणि १९८७ साली ते गेल्यावर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले. ते निघू शकले कारण ज्यांना ती पत्रं आली त्यांनी ती जपली होती. आता हेच तुमच्या घराला लावा. आजोबांनी लिहिलेली पत्रं तुमच्या ट्रंकेत नाहीत, ती त्यांच्या दोस्तांच्या घरी, तुमच्याकडं आहेत ती दुसऱ्यांनी आजोबांना लिहिलेली. म्हणजे तुमच्याकडं अर्धं संभाषण आहे. म्हणून पाकिटांवरचे पत्ते बघून त्या घरांना फोन करा, खानापूर, चिकोडी, गडहिंग्लज, जिथं कुठं असतील तिथं, निदान विचारा तरी. काही घरांनी रद्दीत घातलेलं असणार, काहींनी देवघराच्या फडताळात ठेवलेलं असणार.

आणि इथंच कायदा येतो. पत्राचा कागद तुमचा, पण त्यातला मजकूर ज्यानं लिहिला त्याचा, म्हणजे त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, लेखकाच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क तो गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि तो गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्याचा, म्हणजे बहुतेक पत्रांचा, छापल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, न छापलेल्या पत्राची ६० वर्षं तर सुरूच झालेली नसतात. जी. ए. १९८७ ला गेले म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क २०४७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. इंदिरा संत, ज्यांचं आयुष्य आपल्या बेळगावातच गेलं, त्या २००० साली गेल्या म्हणजे हयातीत छापलेल्याचा २०६० पर्यंत. त्यांच्यासारख्या कुणाचं पत्र तुमच्या ट्रंकेत सापडलं तर आनंदाच्या भरात त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकायचा नाही, युनिव्हर्सिटीनं पण वारसांना न विचारता छापायचं किंवा वेबसाईटवर चढवायचं नाही. संशोधकाला खोलीत बसून वाचायला काही अडचण नाही. बऱ्याच घरांना वाटतंय की आम्ही कागद दिले म्हणजे हक्क पण दिले, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनाही तसंच वाटतंय, दोन्ही चूक. फक्त मृत्युपत्राचं वेगळं, लेखकानं मृत्युपत्रात अप्रकाशित लेखनाचं हस्तलिखित कुणाच्या नावे केलं आणि दुसरं काही म्हटलं नसलं तर कायदा असं धरतो की हक्कही त्याच्याकडं गेला. आजोबांचं मृत्युपत्र असलं तर त्यात वह्यांचा उल्लेख आहे का ते बघून घ्या.

खाजगी गोष्टींचं पण बोलून टाकतो, कारण घरात कुजबुज असणारच. पत्रांत कुणाचा आजार असतो, कुणाची उधारी, कुणाचं मोडलेलं लग्न. म्हणून लोक काय करतात, देण्याआधी रात्री बसून निवडून जाळतात. जाळू नका. बंद लिफाफा करा, त्यावर लिहा की अमुक सालापर्यंत उघडू नये, २०५० म्हणा, २०६० म्हणा, आणि ती अट करारात घाला. नीट चालवलेलं अभिलेखागार, म्हणजे असे जुने कागद जपणारं ठिकाण, ही अट पाळतं, आणि जे म्हणतं की असल्या अटी आम्ही घेत नाही तिथं देऊच नका.

आता कुठं द्यायचं ते. आपल्या इथली राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ची, त्याआधी ते धारवाडच्या कर्नाटक युनिव्हर्सिटीचं पदव्युत्तर केंद्र होतं, आणि कर्नाटक युनिव्हर्सिटी १९४९ ची. कोल्हापूरची शिवाजी १९६२ ची. शिवाय युनिव्हर्सिटी नसली तरी बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, या तिन्हींपेक्षा जुनं. नुसत्या नावावर, राज्यावर किंवा भाषेवर ठरवू नका असं मी म्हणेन. मला ठाऊक आहे हे सीमाभागात बोलायला सोपं नाही, "आपल्या माणसाचे कागद तिकडं का जावेत" हे मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. पण कागदाला खोली लागते, माणूस लागतो, रजिस्टर लागतं. जाऊन बघा. खोलीत ओल आहे का, भिंतीला पोपडे आहेत का, वर पाण्याची टाकी तर नाही. रजिस्टर दाखवा म्हणा, शेवटचा संग्रह कधी आला, त्याची यादी कुठाय. हे काम कुणाच्या नावावर आहे, तो माणूस रिटायर झाला तर पुढं कोण. या प्रश्नांना जो चिडेल त्याला नमस्कार करून परत या.

हे एवढं खोदून का सांगतोय, तर मी एका ठिकाणी बघितलंय, नाव घेत नाही. मराठीच्या एका उत्साही प्राध्यापकांनी एका लेखकाच्या घरून कागद आणले, विभागातल्या कपाटात ठेवले, पोच दिली नाही, यादी केली नाही. सर रिटायर झाले, विभागाला खोली कमी पडली म्हणून कपाट व्हरांड्यात आलं, किल्ली हरवली, आणि एम.फिल. पीएच.डी.ची पोरं "बघून आणून देतो सर" म्हणून घेऊन गेलेल्या दोन वह्या अजून यायच्यात. कुणाचीच वाईट भावना नव्हती हो. म्हणून व्यक्तीच्या हातात द्यायचं नाही, विभागालाही नाही, द्यायचं ते ग्रंथालयाच्या नावानं, कुलसचिवांच्या सहीनं, आवक-जावक नंबर पडून.

माझं मत विचारलंत तर, ज्या कागदांचा विषय बेळगाव आहे ते बेळगावच्या आसपास राहिलेले बरे, इथल्या पोरांना बसनं जाऊन दिवसात काम करून परत येता आलं पाहिजे. पण इथं खोली नसेल आणि कोल्हापुरात किंवा धारवाडला असेल तर तिकडं द्या आणि स्कॅनचा एक संच इथल्या ग्रंथालयात ठेवायची अट घाला. फक्त एक करू नका, मराठी कागद कोल्हापूरला आणि कन्नड कागद धारवाडला असली वाटणी. तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत शाळाखात्याची पत्रं कन्नडमध्ये असणार, कविता मराठीत, बँकेचं इंग्रजीत, आणि मोडीत लिहिलेला एखादा जमिनीचा कागद असणार. माणूस तर एकच की! द. रा. बेंद्रे बघा, घरची भाषा मराठी, कन्नडचे एवढे मोठे कवी, मराठीतही लिहिलं. शं. बा. जोशी आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, त्यांनीही दोन्हीकडं लिहिलं. असल्या माणसांचे कागद भाषेवर वाटले तर दोन्हीकडच्या अभ्यासकाला निम्माच माणूस हाताला लागणार. यादी मात्र दोन्ही भाषांत करून घ्या.

यादीची ताकद काय असते ते सांगतो. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात आपल्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवायला होते, या भागातल्या लोककथा त्यांनी इथंच गोळा करायला घेतल्या. १९९३ ला ते गेले आणि त्यांचे कागद आज शिकागो युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात आहेत, कारण पुढं बहुतेक नोकरी तिकडंच. इंग्रजीत लिहिणारे कादंबरीकार राजा राव आपल्या हासनचे, त्यांचे कागद टेक्सास युनिव्हर्सिटीच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये. आता याच्यावर रडायचं म्हटलं तर रडता येतंय, पण कुठल्या खोक्यात कुठली फाईल ते टिळकवाडीत बसून आज मला कॉम्प्युटरवर दिसतंय, आणि बेळगावातल्याच कितीतरी लेखकांचं काय कुठं आहे ते मला बेळगावात बसून कळत नाही. यादी म्हणजे प्रत्येक कागदाची नोंद नव्हे हां, ते करायला बसलं तर जन्म जातो आणि संग्रह कधीच उघडत नाही. खोकं, फाईल, फाईलीत साधारण काय, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, एवढं पुष्कळ झालं.

पैशाचं: मिळतील ही आशा ठेवू नका. त्याच हॅरी रॅन्समनं २०१४ साली गार्सिया मार्केझचे कागद २२ लाख डॉलरला घेतले, ते तिकडचं. आपल्याकडं ही बहुतेक देणगीच असते. पण एखादा सह्या-पत्रं गोळा करणारा गिऱ्हाईक येईल, "ही दोन पत्रं तेवढी द्या, चांगले पैसे देतो" म्हणेल. दिलीत तर उरलेल्या संग्रहातली साय गेली समजा. सरकारी योजनांच्या मागंही फार पळू नका. २००३ च्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनची व्याख्याच किमान ७५ वर्षं जुन्या हाती लिहिलेल्या पोथी-कागदाची, आजोबांची १९७० ची डायरी त्यात बसत नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तराचा आहे, कवीच्या वह्या सांभाळणं कायद्यानं कुणावरच बंधनकारक नाही.

देणगीपत्र मात्र वकिलाकडनं बघून घ्या. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, पुण्याच्या काकांची आणि अमेरिकेतल्या चुलतभावाची पण, नाहीतर पाच वर्षांनी एकजण उभा राहतो की मला विचारलं नव्हतं. कागदाची मालकी कुणाकडं गेली हे एका कलमात आणि कॉपीराइट कुणाकडं राहिला हे दुसऱ्या कलमात, वेगवेगळं. हक्क किंवा परवानगी देताना मुदत लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच. म्हणजे युनिव्हर्सिटीनं खर्च करून वेबसाईट केली आणि सहाव्या वर्षी तिचा आधारच गेला, असं होऊ शकतंय. दुबार प्रती, कोरी पाकिटं वगैरे काढून टाकायची झाली तर आधी तुम्हाला विचारायचं, आणि संस्था बंद पडली किंवा संग्रह हलवायचा झाला तर तुम्हाला कळवायचं, हेही घाला. आणि अजून एक, आपल्या ग्रंथालयांना हौस असते गोल शिक्का मारायची, कवितेच्या मधोमध जांभळा शिक्का! पुस्तकाला ठीक आहे, हस्तलिखितावर शाईचा शिक्का नको असं आधीच लिहून घ्या, नंबर पेन्सिलीनं पाठीमागं कोपऱ्यात घालता येतो.

आता कागदांची तब्येत. बेळगावचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, त्यात खानापूरकडं तर भिंतीच घाम सोडतात. कागदाला हवा साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणाची लागते आणि आपल्याकडं जुलैत ती त्याच्या किती वर जाते ते मीठ बघून कळतं. म्हणून या पावसात ट्रंका जमिनीवर ठेवू नका, विटांवर फळी टाकून ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून लांब. बुरशी दिसली तर झटकू नका, मास्क लावा, मोकळ्या हवेत नेऊन मऊ ब्रशनं एकाच दिशेला हळू काढा, उन्हात वाळवायचं नाही, सावलीत पंख्याखाली, पंख्याचं वारं थेट कागदावर नको. कागद भिजलेच, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराच्या वेळी जिल्ह्यात किती घरांत भिजले असतील, तर ४८ तासांच्या आत हालचाल करावी लागते, त्यानंतर बुरशी धरते. सगळं एकदम वाळवणं जमत नसेल तर गठ्ठे प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, आईस्क्रीमवाल्याचा मागून आणा हवा तर, तिथं बुरशी थांबते, मग एकेक गठ्ठा काढून सवडीनं वाळवता येतो. फोटो मात्र त्यात घालू नका, आणि एकमेकाला चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत.

डांबराच्या गोळ्या नकोत, वास माणसाला त्रास देतो आणि कसर-वाळवीचं फार काही बिघडत नाही. वेखंडाची पुरचुंडी, वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून कोपऱ्यात ठेवला तर ठेवा, पण त्याच्यावर विसंबून राहू नका, अधूनमधून उघडून बघणं हेच खरं औषध. कापडाचं बासन उत्तम, फक्त नवीन मांजरपाट आणलं तर दोनदा धुवून खळ काढून घ्या, त्या खळीवर किडे येतात. लॅमिनेशन करायचं नाही म्हणजे नाही, सेलोटेप नाही, रबरबँड नाही. गंजलेल्या टाचण्या काढायच्या पण कुठले कागद एकत्र टाचले होते ते एका दुमडलेल्या कोऱ्या कागदात ठेवून दाखवायचं. वर्तमानपत्राची कात्रणं आंबट कागदाची असतात, शेजारचा चांगला कागद पिवळा करतात, त्यांच्या दोन्ही बाजूंनी चांगला कागद घाला.

चित्रकार आजोबांचं थोडं वेगळं. आपल्याकडं के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक होऊन गेले, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली बेळगावात शिकले, तर या गावात गुरू-शिष्यांच्या वह्या, सुधारून दिलेली स्केचं, प्रदर्शनांचे कॅटलॉग ही मोठी सामग्री घरोघर पडून असणार. घरचे पूर्ण झालेलं चित्र फ्रेम करतात आणि त्याआधीची दहा कच्ची स्केचं टाकतात, अभ्यासकाला ती दहाच पाहिजे असतात. कोळशाची, पेस्टलची चित्रं एकावर एक दाबून ठेवू नका, मध्ये गुळगुळीत पातळ कागद घाला, गुंडाळी करू नका, सपाट ठेवा. रंगांच्या दुकानाची बिलं ठेवा, कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, कधी घेतला, हे पुढं चित्राचा काळ ठरवायला आणि दुरुस्तीला लागतंय. मोठी तैलचित्रं ग्रंथालयाच्या खोलीत खराब होतील, ती कलामहाविद्यालय किंवा संग्रहालयाकडं गेलेली बरी, फक्त दोन्ही याद्यांत एकमेकांची नोंद पाहिजे. वाटणी नको म्हणालो ना वर, त्याला हा एक अपवाद.

कॅसेटी आधी वाजवून बघायचा मोह आवरा. जुन्या टेपरेकॉर्डरनं पट्टी खाल्ली की संपलं. कॅसेटच्या पाठच्या कडेला दोन छोटे टॅब असतात ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. आत पांढरं दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट बाजूला. चांगल्या मशीनवर एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी वेव्ह फाईल करून घ्यायची. आकाशवाणी धारवाड, सांगलीवरचे कार्यक्रम घरी टेप केलेले असतील तर ठेवा, पण त्याचे प्रसारणाचे हक्क आकाशवाणीचे, हे लक्षात असू द्या.

स्कॅनिंगच्या पार्टीला सांगा की स्कॅन जरूर करा, पण कागद रद्दीला नाही. ४०० डीपीआय, रंगीत, मजकूर काळा असला तरी रंगीत, दोन्ही बाजू, कोरी पानं आणि कव्हरंसुद्धा. मूळ फाईल टिफ, बघायला पीडीएफ. फाईलीचं नाव ट्रंक, गठ्ठा, पान या क्रमानं, "आजोबा नवीन फायनल २" असलं नको. युनिव्हर्सिटीला देण्याआधी सुरक्षेपुरते मोबाईलनं फोटो काढले तरी चालतंय. ड्राईव्हचं म्हणाल तर खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणजे ज्या भाच्याच्या नावावर खातं आहे तो विसरला की आजोबा गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी.

आणि शेवटच्या वर्षांत आजोबांनी कॉम्प्युटरवर काही टाइप करून घेतलं असेल तर त्या फ्लॉपी, सीडीपण द्या. तिकडं एमरी युनिव्हर्सिटीनं सलमान रश्दींचे कागद घेताना त्यांचे जुने कॉम्प्युटरच घेतले. आपली गोची वेगळी आहे, श्रीलिपी, आकृती असल्या फॉन्टमधल्या पेजमेकरच्या फाईली आज उघडल्या तर नुसती चिन्हं दिसतात. ज्या डीटीपीवाल्याकडं काम केलं तो अजून अनगोळात नाहीतर खडेबाजारात असेल तर त्याच्याकडनं फॉन्टचं नाव आणि व्हर्जन लिहून घ्या, त्याच्याच मशीनवर पीडीएफ करून घ्या, मग युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडणाऱ्या अक्षरांत, करा आणि मूळ फाईल पण जपा, कन्व्हर्टर जोडाक्षरं हमखास बिघडवतो.

बिल्डरला किल्ली देण्याआधी माळा सोडून बाकीचं घरपण एकदा बघा. देवघरातल्या पोथ्यांच्या मधली पानं, पंचांगं, गादीखाली, शिवणाच्या मशीनचा खण, आणि भिंतीवरची जुनी कॅलेंडरं. आपल्याकडच्या बायकांनी दुधाचा हिशोब, कोण कधी आलं, तालीम कुठल्या वारी, सगळं कॅलेंडरच्या चौकटीत लिहिलेलं असतंय, आणि मास्तर लोकांना पाठकोऱ्या कागदावर लिहायची सवय, त्यामुळं पान उलटून बघितल्याशिवाय एकही कॅलेंडर खाली देऊ नका. आज्जीच्या हातचं जे काही सापडेल त्याला वेगळा नंबर द्या, ते आजोबांच्या फाईलीत घालू नका, देणगीपत्रात पण तिचं नाव वेगळं येऊ दे.